पाऊण नंबर

चार वर्षं, आठ सत्रं. टेबलभर कागद पसरलाय.
रकाने तीन: विषय, तास, गुण.
टिळकवाडीत वीज दोनदा जाऊन आली
तेवढ्यात मी पहिली ओळ तीनदा खोडली.

पहिल्या सत्रात प्रकाश. तो सरळ जातो,
काचेत शिरताना वाकतो. चाळीस तास.
दुसऱ्यात डोळा: बाहुली, भिंग, पडदा.
बकऱ्याचा डोळा बाजारातून भल्या सकाळी
बर्फात घालून आणायचा, कापून बघायचा.
तिसऱ्यात सावली ओळखणं:
पट्टी हलली की बाहुलीतला तांबूस उजेड
सोबत सरकतो की उलटा.
इथवर हात अडत नाही.
अडतो पाचव्या सत्रापाशी,
जिथं मुलं पहिल्यांदा माणसासमोर बसतात.

गेल्या वर्षी निपाणीच्या शिबिरात
प्रज्वल हुंदरेनं हुसेनबीला चष्मा दिला.
सगळं पुस्तकाबरहुकूम. वय बावन्न, चाळिशी लागलेली,
चाळीस सेंटिमीटरवर बारीक खुणा स्वच्छ.
आठवड्यानं ती परत, चष्मा रुमालात बांधून.
"ह्यातनं कागूद झ्याक दिसतोय बाळ.
कागूद घिऊन काय करू? वाचाय कुठं येतंय मला?
पान दिसूदे. दोरा दिसूदे."

तिथंच फरशीवर तिनं मांडी घातली,
मांडीवर नसलेलं सूप, हातात नसलेली कात्री,
नसलेलं पान कापलं, तंबाखू भरली,
बोटं हजाराच्या हिशेबानं चालू लागली.
मी टेप काढली. डोळ्यापासून सुपापर्यंत
पंचावन्न.
पाऊण नंबर कमी केला, एवढंच.
नवी काच घालून तिनं नसलेला दोरा गुंडाळला,
नखानं तोंड दुमडलं,
आणि ती नसलेली विडी
प्रज्वलच्या खिशात ठेवून उठली.

तर हे कुठल्या सत्रात घालू?
विषयाचं नाव काय लिहू? मांडी?
मुचंडीकर सर विचारतीलच समितीत,
मॅडम, ह्याची परीक्षा कशी घेणार?

आणि भिंतीवरच्या तक्त्याचं भांडण आहेच.
मराठी आधी की कन्नड आधी, कुणाचं अक्षर मोठं.
पलीकडच्या टेबलावरून शांतला हुक्केरी म्हणते,
दोन्ही काढ, फणी लाव.
तीन दातांची काळी फणी,
वर, खाली, डावीकडं, उजवीकडं,
जिला काना नाही, मात्रा नाही, ओत्तक्षर नाही.
बोटं पसरून सांगायचं दात कुठं वळलेत.
खानापूरकडच्या बीरप्पानं तक्ता बघताच हात जोडलेले,
"साळा बघितली नाही मी, नापास करून सोडा."
फणी लावली. काठी बगलेत मारून
तो शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत बोटं फिरवत गेला,
वर मलाच म्हणाला,
ही खालची जरा पुसट छापलीय तुमची.

शांतलानं लिहून दिलेलं एक वाक्य
मी देवनागरीतच घातलंय मसुद्यात:
हिंग चलो? हांग चलो?
असं बरं, की असं?
मराठी पोरं हसतात, त्यांना फोडणी आठवते.
हसोत. भिंग फिरवत हे दिवसातून शंभरदा विचारायचंय
आणि दर वेळी गप्प राहायचंय
समोरचा ठरवेपर्यंत.
पोरं थांबत नाहीत. "दुसरंच ना?" म्हणून मोकळी होतात.
थांबायला शिकवायचे तास किती,
मला कुठल्याच पुस्तकात सापडले नाहीत.

साडेदहा. वॉचमन दोनदा डोकावून गेला.
चष्म्याच्या इतिहासातले दहा तास काढून
पाचव्या सत्रात मी लिहिते:
माणूस हातानं जे काम करतो ते समोर करायला लावा.
टेप जवळ ठेवा.
गुणांचा रकाना कोरा.

शांतला दोन्ही मसुदे उचलते,
एक दिव्याखाली धरते, मग दुसरा,
परत पहिला.
मी गप्प बसते.
"हांग," म्हणते ती,
आणि स्कूटीची किल्ली शोधू लागते.